फुगलेल्या हृदयधमनीत स्टेंट घालावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६१ वर्षांचे. जिना चढताना छातीत जड वाटायचं म्हणून अँजिओग्राफी झाली. रिपोर्टात लिहिलंय, ‘उजव्या कोरोनरीत डिफ्यूज एक्टेशिया, एलएडीमध्ये लहान सॅक्युलर ॲन्युरिझम, मार्किस टाइप २, लक्षणीय अडथळा नाही.’ एका डॉक्टरांनी कव्हर्ड (पडदा लावलेला) स्टेंट सुचवला, दुसऱ्यांनी नुसत्या गोळ्या. या वर्गीकरणाचा अर्थ काय, आणि कोणाचं ऐकायचं?

कोणाचं ऐकायचं हे अँजिओग्राफीची सीडी न बघता सांगणं बरोबर होणार नाही. पण दोन जाणत्या डॉक्टरांची मतं इतकी वेगळी का पडतात, आणि दोघांना कोणते प्रश्न विचारायचे, हे नक्की सांगतो. अडथळ्यांवर स्टेंट घालण्यात माझी बरीच वर्षं गेली. फुगलेल्या धमन्या त्या मानाने कमी वाट्याला आल्या, पण जेवढ्या आल्या तेवढ्यांनी बरंच शिकवलं. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: धमनी रुंद झाली आहे, एवढं कारण स्टेंट घालायला पुरत नाही. फुगवट्याची भिंत कशाची आहे, तो किती लांब पसरलाय आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे स्टेंटला पाय रोवायला निरोगी धमनी शिल्लक आहे का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय स्टेंटचं पाकीट फोडू नये.

आधी शब्द नीट लावून घेऊ. कोरोनरी म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी धमनी. एलएडी ही त्यांतली हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी, डावीकडची. शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट किंवा त्याहून जास्त व्यास झाला की धमनी फुगली असं आपण म्हणतो. म्हणजे शेजारी ३ मि.मी. असेल, तर ४.५ मि.मी.पासून पुढे. हा फुगवटा एका जागी असेल तर ॲन्युरिझम, धमनीचा लांबचा लांब पट्टा रुंद असेल तर एक्टेशिया. लांबचा म्हणजे किती, यावर एकमत नाही. कोणी एकतृतीयांश लांबी धरतात, कोणी निम्मी. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन रिपोर्टांत दोन शब्द आले तर घाबरू नका. दीडपटीच्या व्याख्येतही एक अडचण आहे. धमनी सुरुवातीपासून टोकापर्यंत फुगलेली असेल, तर तुलना करायची कशाशी? मग दुसऱ्या धमनीकडे किंवा त्या वयाच्या, त्या बांध्याच्या माणसाच्या नेहमीच्या मापाकडे बघावं लागतं, आणि तिथे डॉक्टरच्या नजरेचा भाग येतोच. हा प्रकार फार दुर्मीळही नाही. अमेरिकेतल्या ‘कास’ नोंदणीत वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या अँजिओग्राफी तपासल्या गेल्या. १९८३ साली त्याचे आकडे आले, तेव्हा जवळजवळ ५ टक्के लोकांत असा फुगवटा सापडला होता. सगळ्यात जास्त वेळा तो उजव्या कोरोनरीत दिसतो.

आता तुमच्या रिपोर्टातलं मार्किस. हे वर्गीकरण १९७६ सालचं आहे आणि फक्त पसारा मोजतं. दोन किंवा तिन्ही धमन्या लांबवर फुगलेल्या असतील तर टाइप १. एक लांबवर आणि दुसरीत एका जागी फुगवटा असेल तर टाइप २, म्हणजे तुमच्या वडिलांचं. एकच धमनी लांबवर फुगलेली असेल तर टाइप ३, आणि नुसता एका जागचा फुगवटा असेल तर टाइप ४. आकडा जितका लहान तितका पसारा मोठा, हे लक्षात ठेवा, कारण बरेच नातेवाईक उलटं समजतात. रिपोर्टात लिहायला हे सोयीचं आहे, पण उपचार ठरवायला अपुरं आहे. टाइप ४ मध्ये निरुपद्रवी वाटाण्याएवढा फुगवटा बसतो आणि कधीही फुटू शकणारा खोटा फुगवटाही बसतो. दोघांना एकच आकडा मिळतो.

म्हणून मी मार्किस वाचतो आणि लगेच आकाराकडे वळतो. फुगवटा आडवा जास्त आणि लांबीला कमी, एका बाजूने पिशवीसारखा बाहेर आलेला असेल तर सॅक्युलर. लांबीला जास्त, चातीसारखा दोन्ही बाजूंनी सारखा फुगलेला असेल तर फ्युजिफॉर्म. स्टेंटच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे, कारण पिशवीला तोंड असतं आणि तोंड झाकता येतं. चातीला तोंड नसतं. सबंध नळीच रुंद झालेली असते. मग मापाकडे. मोठ्यांमध्ये २ सेंटीमीटरच्या पुढे गेला, किंवा शेजारच्या धमनीच्या चौपट झाला, की बहुतेक जण त्याला ‘जायंट’ म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचं, भिंतीकडे. खऱ्या फुगवट्यात धमनीच्या भिंतीचे तिन्ही थर शिल्लक असतात, ताणलेले आणि पातळ झालेले का होईना. खोट्या फुगवट्यात भिंत फाटलेली असते आणि रक्ताला बाहेरच्या आवरणाने, आसपासच्या ऊतींनी कसंबसं अडवून धरलेलं असतं. अँजिओग्राफीत दोन्ही अगदी सारखे दिसू शकतात, कारण अँजिओग्राफी फक्त आतली पोकळी दाखवते, भिंत दाखवत नाही.

इथे आयव्हस लागतं. धमनीत सरकवायच्या बारीक नळीच्या टोकावर अल्ट्रासाउंडचा डोळा असतो, तो हळूहळू मागे ओढत आणायचा. पडद्यावर धमनीचा गोल छेद दिसतो. मध्ये पोकळी, भोवती मधल्या थराचं काळं कडं, त्याबाहेर पांढुरका थर. खऱ्या फुगवट्यात शिरलं की ते काळं कडं मोठं होत जातं, बारीक होतं, पण तुटत नाही. खोट्यात ते एका जागी अचानक संपतं आणि पोकळी त्या खिंडारातून बाहेर सांडल्यासारखी दिसते. आणखी एक गोष्ट आयव्हसने पुष्कळदा दाखवून दिली आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अँजिओग्राफीवर ‘ॲन्युरिझम’ ठरलेल्या ७७ जागा आयव्हसने पुन्हा बघितल्या. खरे फुगवटे साधारण चौथा हिस्सा निघाले. निम्म्याहून अधिक ठिकाणी धमनी मुळात निरोगीच होती. तिच्या अलीकडे-पलीकडे चरबीने ती चिंचोळी झाल्यामुळे मधला भाग फुगल्यासारखा दिसत होता. काही ठिकाणी फुटून पोकळ झालेला प्लाक, म्हणजे भिंतीतला चरबीचा थर होता. म्हणून लहान सॅक्युलर ॲन्युरिझमवर कव्हर्ड स्टेंट सुचवला असेल, तर तुमचा पहिला प्रश्न हाच असू दे: आयव्हस केलं का? ओसीटी, म्हणजे प्रकाशाने धमनी आतून बघण्याची तपासणी, हीही चालते, पण तिला समोरचं रक्त धुऊन काढावं लागतं आणि ती खोलवर बघू शकत नाही. रुंद धमनीत मी आयव्हसच घेतो.

धमनी फुगते का? मोठ्या माणसांत बहुतेक वेळा कारण तेच, जे अडथळ्यांचं असतं: अथेरोस्क्लेरोसिस, म्हणजे भिंतीत चरबी साठण्याचा आजार. काहींच्यात या आजाराने पोकळी बुजते, काहींच्यात मधला स्नायूचा थर खाल्ला जातो आणि भिंत दाबाखाली ताणत जाते. त्रिज्या वाढली की त्याच रक्तदाबाला भिंतीवरचा ताण वाढतो, म्हणून फुगलेली जागा आणखी फुगायला तयारच असते. लहान मुलांत आणि तरुणांत मात्र पहिला विचार कावासाकी आजाराचा करायचा. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली ५० मुलांच्या नोंदी देऊन तो जगासमोर मांडला. उपचार न मिळालेल्या मुलांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या हृदयधमन्या फुगतात. वेळेवर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. मुलांत मापही वेगळं लावतात, शरीराच्या आकारमानाप्रमाणे काढलेला झेड स्कोअर. तो १० किंवा त्याहून जास्त, अथवा व्यास ८ मि.मी. किंवा जास्त, म्हणजे जायंट. पंचविशीतला माणूस हार्ट अटॅक घेऊन आला आणि धमनीत चुना (कॅल्शियम) साठलेला गोल फुगवटा दिसला, तर मी त्याच्या आईला विचारतो, लहानपणी पाच-सहा दिवस न उतरणारा ताप, लाल डोळे, लाल जीभ, बोटांची सालं निघणं असं काही झालं होतं का. पुष्कळदा आईला ते लख्ख आठवतं. याशिवाय धमन्यांच्या दाहाचे आजार, संयोजी ऊतींचे जन्मजात दोष, जंतुसंसर्ग आणि आमचेच हात, म्हणजे बलून किंवा स्टेंटने झालेली इजा, हीही कारणं असतात.

लोकांना भीती वाटते ती फुटण्याची. खऱ्या, लहान फुगवट्याचं फुटणं क्वचित. रोजचा धोका वेगळाच आहे, आणि तो कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, डोळ्यांनी दिसतो. निरोगी धमनीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडला की तो दोन-तीन ठोक्यांत सर्रकन टोकाला पोहोचून निघून जातो. एक्टेशिया असलेल्या उजव्या कोरोनरीत तोच डाय आळसावल्यासारखा पुढे सरकतो, रुंद भागात शिरला की भोवऱ्यासारखा फिरतो, थोडा मागेही येतो, आणि बाकीची धमनी स्वच्छ झाल्यावरही तळाशी काळसर पट्टा मागे राहतो. डाय रेंगाळतो तिथे रक्तही रेंगाळतं, आणि रेंगाळणारं रक्त गोठतं. गुठळीचे बारीक तुकडे पुढच्या लहान शाखांत अडकतात. अडथळा नसताना छातीत जड का वाटतं, याचं एक उत्तर या संथ प्रवाहात आहे.

अशा धमनीत खरोखरचा हार्ट अटॅक आला की परीक्षा सुरू होते. माझी एक चूक इथे सांगायलाच हवी. पन्नाशीचा माणूस, उजवी कोरोनरी पूर्ण बंद, वायर गेल्यावर दिसलं की धमनी ६ मि.मी.च्या आसपास रुंद आणि गुठळ्यांनी भरलेली. गुठळी ओढून काढणाऱ्या ॲस्पिरेशन कॅथेटरमधून लालभडक, गांडुळासारखे लांब तुकडे निघाले, प्रवाह सुरू झाला, छातीतलं दुखणं थांबलं. तिथेच थांबायला हवं होतं. मला मात्र धमनीच्या मध्यावर थोडं अरुंद दिसलं आणि मी हाताशी असलेला सगळ्यात मोठा स्टेंट घातला, मोठ्या बलूनने ताणला. आयव्हस केलं नाही, रात्र झाली होती. नवव्या दिवशी तो पुन्हा दुखणं घेऊन आला, स्टेंट बंद. त्या वेळी आयव्हसने दाखवलं की स्टेंटच्या तारा निम्म्या घेरात भिंतीला टेकलेल्याच नव्हत्या. रुंद बोगद्यात लहान पाइप सरकवून ठेवावा तसा तो लोंबकळत होता, आणि तारा व भिंत यांच्या फटीत गुठळी. माणूस वाचला, पण हृदयाचा तो भाग कायमचा अशक्त झाला. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: फुगलेल्या धमनीत अटॅक आला तर आधी प्रवाह मिळवायचा. गुठळीचा भार मोठा असेल तर ओढून काढायची. एरवी प्रत्येक अटॅकमध्ये सरसकट ॲस्पिरेशन करू नये हे मोठ्या चाचण्यांनी दाखवलं आहे, पण इथे निवडून करतो. गुठळी वाढू न देणारं हेपारिन, गरज पडली तर टिरोफिबानसारखं आणखी जोरदार औषध. प्रवाह चांगला आला की हात काढून घ्यायचा. काही दिवसांनी पुन्हा अँजिओग्राफी केली की गुठळी विरघळलेली असते, खरं माप दिसतं, आणि कित्येकदा स्टेंट घालण्यासारखं काही उरतच नाही.

मग स्टेंट कधी? साधा, औषध लावलेला स्टेंट तेव्हा, जेव्हा फुगवट्याच्या शेजारी किंवा आत खरा अडथळा आहे आणि त्याच्यामुळे हृदयाला रक्त कमी पडतंय. माप आयव्हसने, बाहेरच्या कड्यावरून घ्यायचं. मोठ्या धमन्यांसाठी बनवलेले काही स्टेंट साडेपाच-सहा मि.मी.पर्यंत ताणता येतात, पण ताणला की स्टेंट लांबीला आखडतो आणि तारांमधली घरं मोठी होतात, हे आधी हिशेबात धरायला हवं. त्यापुढच्या रुंदीला साधा स्टेंट घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंतीला न टेकलेला स्टेंट सुटून सरकूही शकतो. कावासाकीतल्या जुन्या, चुना साठलेल्या अडथळ्यांत आणखी एक सावधगिरी: जोर लावून बलून फुगवला तर शेजारी नवा फुगवटा तयार होतो. तिथे आधी रोटाब्लेटरने, म्हणजे धमनीत फिरणाऱ्या बारीक घासणीने, चुना घासून घेणं बरं.

तुम्हाला सुचवलेला कव्हर्ड स्टेंट म्हणजे धातूच्या जाळीवर पडदा ताणलेला. जुन्या रचनेत दोन जाळ्यांच्या मध्ये पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचा पडदा असतो. तो कडक, जाड, वळणावरून सहज जात नाही. नव्या रचनेत एकाच जाळीवर पॉलियुरेथेनचा तलम थर असतो, तो बराच लवचीक. मुळात हे स्टेंट प्रोसिजर चालू असताना धमनी फाटली तर रक्तस्राव थांबवण्यासाठी आले, आणि त्या कामात त्यांनी पुष्कळ जीव वाचवले आहेत. फुगवट्यासाठी ते शोभतात ते अशा जागी: पिशवी सॅक्युलर, तिचं तोंड लहान, अलीकडे-पलीकडे काही मि.मी. तरी निरोगी धमनी, धमनी साधारण ५ मि.मी.च्या आतली, आणि झाकल्या जाणाऱ्या लांबीत महत्त्वाची शाखा नाही. शेवटची अट विसरू नका. पडदा पिशवीचं तोंड बंद करतो तसंच शाखेचंही करतो. एलएडीमध्ये डायगोनल आणि सेप्टल शाखा फुटतात. त्यांतली मोठी झाकली गेली तर फुगवटा बरा करताना अटॅक द्यायचा, असं होतं. शिवाय पडद्यावर धमनीचं अस्तर उशिरा वाढतं. म्हणून गुठळीचा आणि पुन्हा अरुंद होण्याचा धोका साध्या स्टेंटपेक्षा जास्त, आणि ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची जोडी निदान वर्षभर तरी, बहुधा त्याहून जास्त. ज्याला रक्तस्रावाची प्रवृत्ती आहे किंवा ज्याचं मोठं ऑपरेशन ठरलंय, त्याच्यात मी दहादा विचार करतो.

शाखा जवळ असेल आणि पिशवी तोंडाशी चिंचोळी असेल, तर दुसरा मार्ग आहे. तोंडावर साधा स्टेंट घालायचा आणि त्याच्या तारांमधून बारीक मायक्रोकॅथेटर पिशवीत नेऊन धातूच्या कॉइल भरायच्या. जाळी कॉइलला बाहेर पडू देत नाही, पिशवी आतून गोठते, शाखा उघडी राहते. मेंदूच्या ॲन्युरिझमवाल्यांकडून आम्ही ही रीत घेतली. सवयीचे हात लागतात. ज्यांनी फारशा केल्या नाहीत त्यांनी एकट्याने करू नये.

आधी स्टेंट घातलेल्या जागीच फुगवटा आला तर वर्गीकरण निराळं. पहिल्या चार आठवड्यांत झपाट्याने वाढला तर तो बहुधा भिंतीला झालेल्या इजेतून आलेला खोटा फुगवटा, आणि तो तातडीने झाकावा लागतो. सहा महिन्यांनंतर दुसऱ्याच कारणाने केलेल्या अँजिओग्राफीत सापडला, वाढत नाही, त्रास नाही, तर बहुतेकदा औषधं चालू ठेवून लक्ष ठेवतात. तिसरा प्रकार जंतुसंसर्गाचा: स्टेंटनंतर काही दिवसांत ताप, थंडी, ब्लड कल्चरमध्ये जंतू. इथे आणखी स्टेंट घालणं म्हणजे जंतूंना आणखी एक घर देणं. अँटिबायोटिक आणि सर्जन, हाच रस्ता.

सर्जनकडे आणखी कोणी जावं? जायंट फुगवटा, लेफ्ट मेनमधला, म्हणजे डाव्या मुख्य धमनीच्या सुरुवातीचा फुगवटा, मोठ्या शाखेच्या तोंडावरचा, आसपासच्या कप्प्यांवर दाब देणारा, किंवा जोडीला बायपास लागणारे अनेक अडथळे. दोन्ही बाजूंनी बांधून पुढे बायपास देतात, किंवा फुगवटा उघडून शिवतात.

आता तुमच्या वडिलांबद्दल. उजवी कोरोनरी लांबवर रुंद आहे, अडथळा नाही. तिथे स्टेंटला जागाच नाही, हे दोन्ही डॉक्टर मान्य करतील. तिथे ॲस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाब काबूत, तंबाखू असेल तर आजपासून बंद. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी सगळ्यांना नाही. गुठळी होऊन गेली असेल, किंवा डाय फारच रेंगाळत असेल आणि रक्तस्रावाचा धोका कमी असेल, तर मी तिचा विचार करतो. यावर सर्वमान्य नियम नाही, म्हणून इथे डॉक्टर-डॉक्टरांत फरक पडतो. जिभेखालच्या किंवा रोजच्या नायट्रेटच्या गोळीने जड वाटणं कमी होण्याऐवजी वाढत असेल तर तेही सांगा. आधीच रुंद धमनी आणखी सैल होऊन काहींच्यात असं होतं.

वाद खरा एलएडीमधल्या लहान पिशवीचा आहे. डॉक्टरांना विचारा: मि.मी.मध्ये किती? जवळची डायगोनल किती अंतरावर? भिंत खरी की खोटी, कशावरून? आधी कधी बलून किंवा स्टेंट झालाय का त्या जागी? आयव्हस झालं नसेल तर कोरोनरी सीटी करून घ्या. पिशवीच्या कडेला जमलेली जुनी गुठळी अँजिओग्राफीत दिसत नाही, सीटीत दिसते, आणि पिशवी कधीकधी वाटली त्याच्या दुप्पट निघते. लहान, खरी, आतून स्वच्छ निघाली आणि तिच्यामुळे काही त्रास नसेल, तर मी ती झाकणार नाही. सहा महिने ते वर्षभरात त्याच पद्धतीने पुन्हा सीटी करून मापं शेजारी ठेवीन. वाढलेली दिसली, भिंत तुटलेली दिसली किंवा आत ताजी गुठळी दिसली, तर कव्हर्ड स्टेंट सुचवणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटेल. तोवर विश्रांतीत दहा-पंधरा मिनिटं न थांबणारं छातीतलं दुखणं, घाम, श्वास लागणं यांपैकी काहीही झालं तर थेट कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात न्या, आणि हा रिपोर्ट सीडीसकट सोबत ठेवा. ड्यूटीवरच्या डॉक्टरला धमनी रुंद आहे हे आधीच कळलं, तर तो स्टेंट उचलण्याआधी माप घेईल.